काचबिंदू: नेत्ररुग्णालयाच्या बाकावर विचारले जाणारे प्रश्न

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, उजवा डोळा काचबिंदूने गेला तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. डोळा गेलाय हे त्यांना कळलं तेही योगायोगाने. डाव्या डोळ्यात कचरा गेला, तो चोळायला त्यांनी डावा डोळा मिटला आणि समोरचं अंगणच नाहीसं झालं. उजव्या डोळ्याने किती महिने दिसत नव्हतं, ते कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून चौदा वर्षं दर तीन-चार महिन्यांनी मी त्यांच्यासोबत नेत्ररुग्णालयाच्या बाकावर बसते आहे. डॉक्टरांसमोर न विचारलेले प्रश्न लोक त्या बाकावर एकमेकांना विचारतात. तेच इथे एकत्र केले आहेत. उत्तरं डॉक्टरांकडून समजून घेतलेली आणि वाचून पडताळलेली आहेत. तरी तुमच्या डोळ्यांबद्दलचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

काचबिंदू आणि मोतीबिंदू एकच ना?

नाही. या दोन नावांच्या सारखेपणामुळे फार नुकसान झालं आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की बहुतेकांना पुन्हा छान दिसतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस थोडी थोडी वाळत जाते. भिंग बदलता येतं, नस बदलता येत नाही. म्हणून मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते आणि काचबिंदूने गेलेली येत नाही. उपचार होतो तो उरलेली नजर राखण्यासाठी.

बाकावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "अजून पिकला नाही म्हणतात, पिकला की काढू." काचबिंदू पिकत नाही आणि तो काढताही येत नाही. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत तिमिर, काच आणि लिंगनाश अशा दृष्टी जाण्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. तिथला 'काच' आणि आज आपण म्हणतो तो काचबिंदू यांत मात्र गल्लत करू नये.

डोळ्यात प्रेशर वाढतं म्हणजे नेमकं कशाचं?

पाण्याचं. पण हे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात, हे पाणी डोळ्याच्या आत तयार होतं. मिनिटाला साधारण दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही एक बारीकसा अंश. ते बाहुलीतून पुढे येतं, भिंगाला आणि पारपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाला, पोसतं आणि पारपटल व बुबुळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निघून जातं. साधारण दीड तासात पुढच्या भागातलं सगळं पाणी बदललेलं असतं.

न्हाणीघरातली मोरी डोळ्यांसमोर आणा. नळ चालू आहे, पण मोरीची जाळी केस आणि साबणाने तुंबत चालली आहे. पाणी हळूहळू चढतं. बहुतेक काचबिंदू असाच असतो. कोपरा उघडा असतो, जाळी मात्र काम करेनाशी होते. दुसऱ्या प्रकारात जाळी ठीक असते, पण मोरीच्या तोंडावर कुणी पाट ठेवावा तसं बुबुळच पुढे सरकून तो कोपरा बंद करतं. हा बंद कोनाचा काचबिंदू. आशियाई लोकांत तो युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळतो आणि दृष्टीला जास्त धोकादायकही असतो. तुम्हाला यातला कोणता आहे हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण दोन्हींचे उपचार आणि पथ्यं वेगळी आहेत.

चढलेल्या दाबाचा मार बसतो तो डोळ्याच्या मागच्या भिंतीवर, जिथून नस बाहेर पडते तिथे. या नशीत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. ते एकेक करून मरत जातात.

माझं बीपी नॉर्मल आहे. मग डोळ्याचं प्रेशर कसं वाढेल?

दोन्हीचा तसा थेट संबंध नाही. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्ताचा दाब, डोळ्यातला दाब त्या पाण्याचा. बीपीची गोळी चालू आहे म्हणून डोळा सुरक्षित, असं समजू नका. उलट एक गोष्ट लक्षात ठेवा. रात्री झोपेत रक्तदाब फार खाली गेला तर नशीला रक्त कमी पडतं आणि काहींचा काचबिंदू त्यामुळे वाढतो. बीपीची गोळी रात्री झोपताना घेत असाल तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. गोळीची वेळ मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका.

माझ्या डोळ्याचं प्रेशर १६ आहे, तरी काचबिंदू आहे म्हणाले. आणि शेजाऱ्यांचं २४ असून त्यांना काही नाही. असं कसं?

१० ते २१ मिलिमीटर पारा हा दाब सर्वसाधारण मानतात. पण तो आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. काहींची नस नाजूक असते आणि ती १६ दाबालाही दुखावते. काहींची २४ लाही टिकते. त्यांना काचबिंदू नसतो, पण त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. शिवाय पारपटल पातळ असलं तर यंत्रावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, जाड असलं तर जास्त. म्हणून फक्त प्रेशर मोजून "सगळं ठीक" म्हणणं ही अर्धी तपासणी झाली. नस डोळ्यांनी पाहायलाच हवी.

मला तर सगळं स्वच्छ दिसतं. पेपर वाचतो, गाडी चालवतो. मला काचबिंदू कसा असेल?

हा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला आहे, आणि अण्णांनीही तो विचारला होता.

काचबिंदू आधी बाजूची नजर खातो. वाचायला, शिवायला, समोरच्याचा चेहरा ओळखायला लागते ती मधली नजर, आणि ती शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यातली खालची ओळसुद्धा वाचता येते. त्यात एका डोळ्याने गमावलेला तुकडा दुसरा डोळा भरून काढतो. आणि जिथे दोन्ही डोळ्यांना दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूच्या रंगाने जागा लिंपून टाकतो. काचबिंदूच्या चित्रांत कडेने काळं वर्तुळ दाखवतात. बहुतेक रुग्णांना असं काळं काही दिसतच नाही. गेलेला भाग फक्त नसतो. नजरेचा घेर तपासणाऱ्या मशीनवर दृष्टीचा पहिला डाग उमटतो तोवर पाव ते एक तृतीयांश तंतू गेलेले असतात.

मागे वळून पाहिलं की खुणा सापडतात. अण्णा वर्षभर उजवीकडच्या चौकटीला खांदा आपटत होते. जेवताना ताटाच्या उजव्या बाजूची चटणी तशीच राहायची, आई म्हणायची, "यांना चटणी आवडेनाशी झाली." उतरताना पायरी चुकणं, उंबरठ्याला पुन्हा पुन्हा ठेच लागणं, बाजूने येणारी मोटारसायकल "अचानक समोर आली" असं वाटणं, हे सगळं वयाच्या माथी मारू नका. कधीतरी एकेक डोळा मिटून घरातलं कॅलेंडर पाहून घ्या. तपासणीची जागा हे घेऊ शकत नाही, पण आमच्या घरी कुणी एवढं जरी केलं असतं तरी आम्हाला खूप आधी कळलं असतं.

भारतात काचबिंदू असलेल्यांची संख्या १ कोटीहून अधिक असावी असा अंदाज आहे. दक्षिण भारतात लोकांना घरोघर गाठून ज्या पाहण्या झाल्या, त्यांत सापडलेल्या दर दहा रुग्णांपैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पना नव्हती.

मग तपासणी कधी करायची?

चाळिशी लागली की. जवळचा चष्मा लागण्यालाच आपण चाळिशी म्हणतो, आणि काचबिंदूची पहिली तपासणी करायचं वयही तेच. पण होतं असं, की आपण चष्म्याच्या दुकानात जातो, कॉम्प्युटरवर नंबर काढतो, चष्मा घेतो आणि डोळे तपासून झाले असं समजतो. तिथे नंबर तपासला, डोळा नव्हे. शिबिरातही बहुधा मोतीबिंदू आणि नंबरच पाहिला जातो. तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन स्पष्ट शब्दांत म्हणा, "डोळ्याचं प्रेशर आणि नस, दोन्ही बघा."

चाळिशीची वाट कुणी पाहू नये? ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे, ज्यांचा उणे नंबर मोठा आहे, ज्यांना डोळ्याला मार बसलेला आहे (विटी, क्रिकेटचा चेंडू, फटाका, कधीचाही असो), आणि जे बरेच दिवस स्टिरॉइड घेत आहेत, त्यांनी. सख्ख्या नात्यात धोका कित्येक पटींनी वाढतो. अण्णांचं निदान झाल्यावर मी आत्यांना आणि काकांना फोन केले. काका रागावले, "मला काही झालेलं नाही." त्यांना तपासायला नेलं तर त्यांच्या डोळ्यांतही सुरुवात झाली होती. आज ते ऐंशीचे आहेत आणि थेंबांवर व्यवस्थित पेपर वाचतात.

तपासणीत काय काय करतात? दुखतं का?

दुखत नाही. दाब मोजायला कधी हवेचा झोत मारतात. नेमका आकडा हवा असेल तर डोळा बधिर करून निळ्या उजेडात बारीक उपकरण टेकवतात. कोपरा उघडा की बंद हे पाहायला डोळ्याला आरशाचं भिंग लावतात. ही तपासणी अनेकदा राहून जाते, ती झाली का हे विचारायला संकोच करू नका. मग बाहुली मोठी करून नस पाहतात. त्यानंतर चार तास अंधुक दिसतं, तेव्हा सोबत कुणीतरी असू द्या आणि स्वतः गाडी चालवू नका. नशीच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन काही मिनिटांत होतं.

फील्ड टेस्टला, म्हणजे नजरेचा घेर मोजणाऱ्या तपासणीला, लोक फार घाबरतात. भांड्यासारख्या यंत्रात तोंड ठेवून, समोरच्या ठिपक्यावर नजर रोखून, कडेला उजेड चमकला की बटण दाबायचं. निम्मे उजेड दिसतच नाहीत आणि आपण नापास होतोय असं वाटायला लागतं. यंत्र मुद्दाम दिसेनासा होईपर्यंत उजेड मंद करत जातं, म्हणून तसं होतं. निरोगी माणसालाही तसंच वाटतं. पहिली टेस्ट नीट आली नाही तर पुन्हा करतात, त्यात वावगं काही नाही. जुने सगळे कागद एका फायलीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. काचबिंदूत आजचा कागद मागच्या वर्षीच्या कागदाशेजारी ठेवला तरच काही सांगतो.

रात्री एकाएकी डोळा आणि डोकं भयंकर दुखलं, उलट्या झाल्या. पित्त असेल का?

डोळा लाल असेल, अंधुक दिसत असेल, दिव्याभोवती रंगीत कडं दिसत असेल, तर पित्त किंवा अर्धशिशी समजून आलं-लिंबू घेत बसू नका. बंद कोनाच्या काचबिंदूचा झटका असाच येतो. डोळ्यातला दाब काही तासांत ५०-६० पर्यंत चढतो आणि डोळा दगडासारखा टणक होतो. उलट्या इतक्या होतात की घरचे पोटाच्या डॉक्टरांकडे नेतात आणि सकाळपर्यंत थांबतात. त्या थांबण्यातच नजर जाते. त्याच रात्री नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. शिरेतून औषध आणि थेंब देऊन दाब उतरवतात. मग लेझरने बुबुळाला बारीक छिद्र पाडून पाण्याला आडवाट करून देतात. दुसऱ्या डोळ्यालाही तसाच झटका येण्याचा धोका असतो, म्हणून तिथेही आधीच लेझर करतात.

हा प्रकार बायकांत आणि अधिक (प्लस) नंबर असलेल्यांत जास्त दिसतो. ज्यांचा कोन अरुंद आहे असं सांगितलेलं आहे त्यांनी सर्दीच्या, प्रवासात मळमळ होऊ नये म्हणूनच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्या बाहुली मोठी करतात आणि कोपरा बंद होऊ शकतो. लेझर झालेलं असेल तर हा धोका बराच कमी होतो.

डोळे आले होते तेव्हा मेडिकलमधून घेतलेल्या थेंबांनी छान बरं वाटलं. तेच पुन्हा घातले तर चालतील?

नाही. इथे मला हात जोडून सांगावंसं वाटतं. डोळ्यांची लाली आणि खाज चटकन घालवणाऱ्या थेंबांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावं बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेली असतात. डॉक्टरांनी ठरलेल्या दिवसांसाठी दिलं आणि मध्ये दाब मोजला, तर ते उपयोगी औषध आहे. पण आठवड्यांमागून आठवडे स्वतःच्या मनाने घातलं तर काहींच्या डोळ्यात दाब गुपचूप चढतो आणि नस जाते. तेवढ्यात मोतीबिंदूही होतो.

सगळ्यात वाईट वाटतं ते मुलांचं. उन्हाळ्यात धुळीने ज्यांचे डोळे खाजतात, सतत चोळून लाल होतात, अशी आठ-दहा वर्षांची मुलं. एकदा डॉक्टरांनी थेंब लिहून दिलेले असतात, मग आई-वडील तीच रिकामी बाटली दाखवून दुकानातून वर्षानुवर्षं तेच आणतात. मुलाला आराम पडतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. आमच्या बाकावर एक आई अशाच सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन यायची. त्याला फळ्याचा फक्त मधला तुकडा दिसायचा. तिने काही चूक केली नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दम्याचे पंप, नाकातले फवारे, सांध्यांसाठीच्या गोळ्या आणि चेहरा उजळायची मलमं यांतही स्टिरॉइड असू शकतं. बरेच दिवस घेत असाल तर डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या. औषध एकाएकी थांबवू मात्र नका.

थेंब आयुष्यभर घालावे लागतात का?

बहुतेकांना हो, बीपीच्या गोळीसारखे. थेंब घातल्याने काही बरं वाटत नाही, बंद केल्याने काही दुखत नाही. म्हणूनच ते सुटतात. पण एका मोठ्या अभ्यासात दिसलं की दाब दर १ मिलिमीटरने कमी झाला की आजार वाढण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो. न जाणवणाऱ्या या औषधाचं काम एवढं मोठं आहे.

घालायची पद्धत अशी: हात धुवा, मान मागे करा, खालची पापणी ओढून तिथे एकच थेंब टाका. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. मग डोळा अलगद मिटा, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. त्याने औषध घशात उतरत नाही आणि अंगभर पसरत नाही. दुसरं औषध असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. हात थरथरत असेल तर आडवं पडून घाला किंवा नातवंडाला सांगा. आमच्याकडे हे काम माझ्या मुलाने घेतलं आहे.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, साधारण महिन्याने ती टाकून द्यायची असते. लॅटानोप्रॉस्टसारखी काही औषधं न उघडलेली असताना फ्रिजमध्येच ठेवावी लागतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मी तर उघडलेलीही तिथेच ठेवते.

एकादशीला, नवरात्रात थेंब चालतात का, हे लोक खरंच विचारतात, आणि लाजत विचारतात. उपवास पोटाचा असतो, डोळ्याचा नाही. थेंब चुकवू नका. वारीला निघालात तर दोन बाटल्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. तपासणीच्या दिवशी सकाळीही थेंब घालूनच जा, नाहीतर औषध काम करतंय का ते डॉक्टरांना कळणार कसं?

त्रास होऊ शकतात, ते सांगा. टिमोलॉल दमा असणाऱ्यांना आणि ज्यांची नाडी मंद आहे त्यांना चालत नाही. डोळ्याचा थेंब म्हणून फुप्फुसांच्या डॉक्टरांना सांगायचं राहून जातं आणि दम वाढतो. लॅटानोप्रॉस्ट, बिमॅटोप्रॉस्टने डोळे लाल होतात, पापण्यांचे केस लांब होतात, पापणीची कातडी काळवंडते. ब्रिमोनिडीनची काहींना ॲलर्जी येते, झोपही येते. आणि तान्ह्या बाळांना ते अजिबात द्यायचं नसतं. त्रास झाला तर औषध बदलून मिळतं. मुकाट्याने बंद करू नका.

लेझरने थेंब सुटतात का?

उघड्या कोनाच्या काचबिंदूत कधी कधी. तुंबलेल्या जाळीवर सौम्य लेझर करून पाण्याचा निचरा सुधारतात. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, सुरुवातीलाच हे लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांना तीन वर्षांनीही थेंबांशिवाय दाब आटोक्यात ठेवता आला. ते कायमचं नसतं, काही वर्षांनी परिणाम ओसरतो आणि पुन्हा करता येतं. ज्यांना थेंब परवडत नाहीत किंवा नेमाने जमत नाहीत, त्यांनी डॉक्टरांना हा प्रश्न स्वतःहून विचारावा असं माझं मत आहे.

ऑपरेशन केलं तर दिसायला लागेल?

नाही, आणि हे ऑपरेशनच्या आधी घरातल्या सगळ्यांना नीट समजायला हवं. नंतर "ऑपरेशन करूनही दिसत नाही, डॉक्टरांनी बिघडवलं" अशी भांडणं मी पाहिली आहेत. ऑपरेशनने पाण्याला नवी वाट करून देतात, म्हणजे उरलेली नजर टिकते. गेली पन्नासहून अधिक वर्षं जगभर होणारी शस्त्रक्रिया १९६८ मध्ये केंब्रिजच्या केर्न्स यांनी मांडली. त्याही आधी, १९०९ मध्ये, मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट डोळ्याच्या कडेला बारीक भोक पाडून पाणी वळवत होते, आणि ती पद्धत शिकायला बाहेरचे डॉक्टर येत. ज्यांना साधं ऑपरेशन पुरत नाही त्यांच्या डोळ्यात बारीक नळी बसवतात. अशी कमी खर्चातली नळी आता मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये बनते.

ऑपरेशननंतर वरच्या पापणीखाली पाण्याचा छोटा फुगवटा राहतो. तो डोळा पुढे कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, लाल झाला, चिकटला, दुखला, तर त्याच दिवशी दाखवा. तिथून आत संसर्ग शिरू शकतो.

मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही आहेत. आधी काय?

डोळ्यागणिक उत्तर वेगळं आहे, कधी दोन्ही एकदमच करतात. बंद कोनात जाड झालेलं भिंग काढल्यानेच कोपरा मोकळा होतो आणि दाब उतरतो. म्हणून काहींना भिंगाचं ऑपरेशन हाच काचबिंदूचा उपचार ठरतो. आणि मोतीबिंदू "पिकू द्या" म्हणून वर्षानुवर्षं थांबणाऱ्यांसाठी: फार पिकलेलं भिंग फुगून कोपरा बंद करतं किंवा त्यातला द्रव पाझरून जाळी तुंबवतो. मग साध्या मोतीबिंदूचा काचबिंदू होतो.

मधुमेहाचा काय संबंध?

साखर बरीच वर्षं जास्त राहिली की डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडतात. हा वेगळा आजार आहे. पण तो वाढला की डोळ्यात नको तिथे नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, त्या पाण्याचा कोपरा बुजवतात आणि अतिशय हट्टी काचबिंदू होतो. वर्षातून एकदा पडद्याची तपासणी केली तर तिथवर जाणं बहुतेक वेळा टळतं.

बाळाचे डोळे खूप मोठे आणि टपोरे आहेत. सगळे कौतुक करतात.

कौतुक करा, पण एवढं पाहा: बाळ उजेडाकडे बघत नाही का, डोळे घट्ट मिटून तोंड फिरवतं का? डोळ्यांतून सतत पाणी येतं का? बुबुळावर निळसर-पांढरट धुरकटपणा आहे का? यातलं काही असेल तर आठवडाभरसुद्धा थांबू नका. तान्ह्या बाळाचा डोळा मऊ असतो, दाब वाढला की फुग्यासारखा ताणून मोठा होतो. हा जन्मजात काचबिंदू. याचा मुख्य उपचार ऑपरेशनच, आणि ते पहिल्या काही महिन्यांत झालं तर मूल शाळेत फळा वाचू शकतं. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालेल्या घरांत हा आजार जास्त दिसतो, कारण दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. पहिल्या मुलाला असेल तर पुढच्या बाळाचे डोळे जन्मल्याबरोबर तपासून घ्या.

योगासनं, चालणं, सकाळचं तांब्याभर पाणी, यांचं काय?

चालणं उत्तम. शीर्षासन नको. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, योगाभ्यासी लोकांवरच्या आपल्याकडच्या अभ्यासात शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट झालेला आढळला. सर्वांगासन आणि डोकं बराच वेळ खाली राहील अशी इतर आसनंही टाळा. प्राणायाम, बसून करायची आसनं चालू ठेवा, पण श्वास कोंडून जोर लावणं नको.

सकाळी उठल्याबरोबर लिटरभर पाणी एका दमात पिण्याची अनेकांना सवय असते. त्याने डोळ्यातला दाब काही काळ वाढतो. डॉक्टर पूर्वी हीच युक्ती तपासणीसाठी वापरत. पाणी तेवढंच प्या, पण घोट घोट, तासाभरात. मोबाइल पाहिल्याने काचबिंदू होतो असं नाही, डोळे कोरडे मात्र होतात.

मध, गुलाबपाणी, तूप, गोमूत्र डोळ्यात घातलं तर?

नका घालू. यातल्या कशानेही काचबिंदूतला दाब उतरल्याचा पुरावा नाही, आणि न निर्जंतुक केलेली वस्तू डोळ्यात गेली तर पारपटलावर जखम होऊन आहे ती नजरही जाते. वैद्यांचं किंवा होमिओपॅथीचं औषध पोटात घेण्यावर तुमचा विश्वास असेल तर घ्या, पण थेंब बंद करून नव्हे. दाब तपासणं तर थांबवूच नका.

खर्च झेपत नाही. काय करावं?

डॉक्टरांना तसं सरळ सांगा. औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. ऑपरेशन असेल तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या.

अजून एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. अक्षरं नीट वाचता येत असली तरी नजरेचा घेर आकसला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं. २०१६ च्या कायद्यात घेर ४० अंशांपेक्षा कमी झाला तर अल्पदृष्टी आणि १० अंशांपेक्षा कमी झाला तर अंधत्व धरलं आहे. "तुम्हाला तर दिसतं" म्हणून कुणी परत पाठवलं तर फील्ड टेस्टचा कागद पुढे ठेवा.

घरात कुणाची नजर अशी आकसली असेल तर आपण काय करायचं?

सामानाच्या जागा बदलू नका. आम्ही दर पायरीच्या कडेला आणि उंबरठ्यावर पिवळ्या रंगाची पट्टी ओढली. वाटेतले स्टूल, पायपुसणी, चपलांचा ढीग हलवला. कपाटांची दारं उघडी ठेवत नाही. संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा असतो. पांढऱ्या ताटात भात दिसत नाही म्हणून स्टीलचं ताट, आणि चटणी आता डावीकडे वाढतो. रस्त्याने चालताना मी त्यांचा हात धरत नाही, ते माझा दंड धरतात आणि अर्धं पाऊल मागून चालतात. गेलेल्या बाजूला, उजवीकडे, मी असते. त्या बाजूने बोलायला जाण्याआधी "अण्णा" अशी हाक मारते, म्हणजे ते दचकत नाहीत.